शकुंतलेचा विसर : एका परित्यक्त रेल्वेमार्गाच्या निमित्ताने

मराठीत गाडी 'बंद पडते' आणि गाडी 'बंद केली जाते'. दोन्ही वाक्यांनी कळणारी वस्तुस्थिती एकच असली तरी पहिल्या वाक्यात कर्त्याला जागाच नाही. 'पडणे' या क्रियापदाची मराठीतील व्याप्ती या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. दुष्काळ पडतो, भाव पडतो, खंड पडतो आणि विसरही पडतो. घडणारी गोष्ट जणू वरून येते व माणूस तिच्याखाली सापडतो. मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळ अशा दोन दिशांना जाणाऱ्या, वऱ्हाडात 'शकुंतला' या नावानेच ओळखल्या गेलेल्या नॅरोगेज गाडीसंबंधी जे बोलले आणि लिहिले जाते, त्यात 'बंद पडली' हा प्रयोग सहजपणे येतो. तिची ओसाड स्थानके पाहावयास जाणाऱ्याच्या मनात उमटणारी हळहळ या प्रयोगाच्याच आश्रयाने वाढते. ही हळहळ नैतिकदृष्ट्या कितपत निर्दोष आहे, आणि येथे ज्याला विसर म्हटले जाते तो खरोखर विसर आहे की नकार, हा प्रश्न प्रस्तुत लेखात तपासावयाचा आहे.

प्रथम या मार्गाविषयी. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, आणि या प्रदेशाच्या काळ्या जमिनीला एकाएकी जागतिक महत्त्व प्राप्त झाले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य मार्ग अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा १८६७ साली नागपूरला पोहोचला. त्यापासून दूर राहिलेला कापूसपट्टा मुख्य मार्गाशी जोडण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दोन दशकांत ७६२ मिलिमीटर रुंदीचा हा अरुंद मार्ग टाकण्यात आला. मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची आणि व्यवस्थापन मुंबईच्या किलिक निक्सन या पेढीचे. मूर्तिजापूर-यवतमाळ ही शाखा ११३ किलोमीटरची, तर दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट या गावांवरून जाणारी मूर्तिजापूर-अचलपूर ही शाखा ७६ किलोमीटरची. रुईच्या गाठी मूर्तिजापूरला उतरवावयाच्या, तेथे मोठ्या वाघिणींत चढवावयाच्या आणि मुंबई बंदरातून विलायतेस रवाना करावयाच्या, असा क्रम होता. कापूस मँचेस्टरकडे जात होता आणि या मार्गावरचे 'झेडडी' जातीचे वाफेचे इंजिनही १९२१ साली मँचेस्टरलाच घडून आले होते. १५ एप्रिल १९९४ रोजी ते निवृत्त झाले व डिझेल इंजिन आले. देशातील रेल्वेमार्गांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा हा मार्ग बाहेर राहिला. रूळ कंपनीचे, गाडी सरकारी रेल्वेची आणि मध्ये मुदतीमुदतीने नूतनीकरण होणारा करार, अशी विलक्षण व्यवस्था अनेक दशके चालली. मार्गाची दुरुस्ती नेमकी कोणाची जबाबदारी, हा प्रश्न त्या व्यवस्थेच्या पोटातच होता. गाडीचा वेग उत्तरोत्तर कमी होत गेला आणि २०२० पर्यंत दोन्ही शाखांवरील वाहतूक थांबली. ब्रॉडगेजच्या घोषणा त्याआधीही झाल्या होत्या आणि त्यानंतरही होत राहिल्या.

अचलपूर हे अवशेषांना सरावलेले नगर आहे. १४९० पासून येथे इमादशाहीची राजधानी होती, इंग्रजी अमदानीत १९०५ पर्यंत हे जिल्ह्याचे ठिकाण होते. जुन्या वेशी, तट, मशिदी, मकबरे यांच्या सान्निध्यात येथील माणूस वाढतो. परंतु त्या अवशेषांकडे पाहणारा आणि रेल्वे स्थानकाकडे पाहणारा एकाच भूमिकेत नसतो. तटाच्या संदर्भात त्याचे काही देणे लागत नाही. ज्या सत्तेसाठी तो बांधला गेला ती सत्ताच उरलेली नाही. स्थानक ज्यांच्यासाठी उभे होते ते प्रवासी मात्र आहेत. ते सकाळी एसटीच्या थांब्यावर उभे असतात किंवा काळीपिवळीत दाटीवाटीने बसलेले असतात. परित्यक्त स्थानकाच्या अवशेषत्वाविषयीची पहिली अडचण ही आहे.

अशा स्थानकांवर जाणारा काय पाहतो? पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी कपाशीची जमीन खडीला हळूहळू गिळते. रुळांच्या मध्ये गाजरगवत आणि बाभळीची रोपे येतात. दोन रुळांतील अंतर इतके थोडे, की मोठ्या माणसाने एक पाऊल टाकले तरी मार्ग ओलांडला जावा. फलाट नावापुरता उंच असतो. टिकिटाच्या खिडकीची कमान आकाराने लहान, कारण तिच्यापुढे कधी मोठी रांग लागेल असे बांधणाऱ्याने गृहीत धरलेच नव्हते. त्याच्या नजरेसमोर कापसाच्या गाठी होत्या. वास्तूचे हे प्रमाणच तिचे मूळ प्रयोजन सांगून जाते. पुढच्या काळात या मार्गावर माणसे गाठींपेक्षा महत्त्वाची झाली, ही गोष्ट वास्तूत कोठेही नोंदलेली नाही. ती फलाटाच्या झिजेतून वाचावी लागते.

भग्नावशेषांच्या सौंदर्यमीमांसेने या झिजेला मोठे मूल्य दिले आहे. आलोइस रीगल या कलेतिहासकाराने १९०३ मध्ये स्मारकांच्या आधुनिक पूजेचा विचार करताना ऐतिहासिक मूल्य, उपयोगमूल्य आणि केवळ जुनेपणामुळे प्राप्त होणारे वयोमूल्य असा भेद केला. वयोमूल्याचा आस्वाद घेण्यासाठी कोणत्याही ज्ञानाची गरज नसते, म्हणून ते सर्वांना सुलभ असते, असे त्याचे प्रतिपादन होते. पण वयोमूल्य आणि उपयोगमूल्य यांचा परस्परविरोध रीगलनेही ओळखला होता. वापरातली वास्तू दुरुस्त ठेवावी लागते आणि दुरुस्ती म्हणजे जुनेपणाचा भंग. याचा अर्थ असा, की स्थानकाच्या वयोमूल्याचा आस्वाद त्याच्या निरुपयोगी होण्यावर अवलंबून आहे. जो या फलाटावर रमतो त्याच्या आनंदाची किंमत कुणीतरी दुसऱ्याने आधीच चुकती केलेली असते. गेओर्ग झिमेलचा अवशेषांवरील निबंध या ठिकाणी अधिक सावध वाटतो. मानवी रचना आणि निसर्ग यांच्यातील झटापटीत निसर्गाची सरशी होते तेव्हा अवशेषाला एक प्रकारची शांती लाभते, हे त्याचे मत सर्वपरिचित आहे. मात्र ज्यांत अद्याप माणसे राहतात अशा पडक्या वास्तूंसंबंधी त्याला अस्वस्थता वाटते, कारण तेथे माणसाने पडझड होऊ दिलेली असते. हे 'होऊ देणे' कर्तृत्वाचाच एक प्रकार आहे आणि 'बंद पडली' या प्रयोगाने नेमके तेच झाकले जाते.

या ठिकाणी एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. जो मार्ग वसाहतीच्या लुटीसाठी टाकला गेला, त्याच्याविषयी हळहळ कशासाठी? वऱ्हाडचा शेतकरी ज्वारीकडून कपाशीकडे, आणि कपाशीतून सावकाराकडे व बाजारभावाकडे वळला, त्या दीर्घ प्रक्रियेत या रुळांचा वाटा आहेच. कापूस पिकविणाऱ्या याच जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा इतिहास ध्यानात घेतला तर रुळांभोवती गोड आठवणींची आरास करणे अश्लाघ्यच ठरेल. हा आक्षेप उगमाविषयी खरा आहे. तथापि वस्तूचा उगम आणि तिचे पुढचे आयुष्य यांत अंतर पडू शकते. रस्त्यांपासून दूर असलेल्या खेड्यांतील मजूर, शाळकरी मुले, भाजीची टोपली घेऊन तालुक्याला जाणाऱ्या बाया यांना स्वस्त भाड्याची ही गाडी हळूहळू आपली वाटू लागली. गार्डनेच टिकिटे द्यावीत, गाडीच्या माणसांनीच उतरून फाटक लावावे आणि गाडी गेल्यावर ते उघडावे, असा तिचा कारभार होता. तिला 'शकुंतला' म्हटले जाऊ लागले तेही या दुसऱ्या आयुष्यात.

नावावरून अर्थ काढणे हा समीक्षेचा जुना मोह आहे आणि त्याविषयी सावध असणे बरे. गाडीला नाव देणाऱ्यांच्या मनात कालिदास होता असे मानण्याचे कारण नाही. तरीही नाव एकदा रूढ झाले की ते आपल्यासोबत स्वतःची कथा आणते. महाभारतातील शकुंतलेचा जन्म दुसऱ्यांच्या प्रयोजनातून झाला: विश्वामित्राचा तपोभंग हे इंद्राचे काम, ते पार पडताच मेनका मुलीला टाकून निघून गेली. तिला राखले शकुंत पक्ष्यांनी आणि वाढविले कण्वाने. ज्यांनी जन्माला घातले त्यांचे तिच्याशी नाते राहिले नाही; ज्यांनी सांभाळले त्यांच्यावरून तिला नाव मिळाले. उगमाविषयीच्या आक्षेपाला याहून वेगळे उत्तर शोधण्याची आवश्यकता वाटत नाही.

मुख्य प्रश्न मात्र पुढे आहे. शकुंतलेच्या कथेची दोन रूपे आहेत, आणि त्यांतील फरक हा विसराच्या नीतीचाच फरक आहे. आदिपर्वातील दुष्यंताला काहीही विसर पडलेला नाही. शकुंतला मुलाला घेऊन सभेत येते तेव्हा त्याला सर्व आठवत असते आणि तरीही तो आठवत नाही असे सांगतो. आकाशवाणीने सत्य प्रकट झाल्यावर तो आपल्या वागण्याचे समर्थन करतो, की मलाही हे ठाऊक होते, परंतु केवळ हिच्या शब्दावरून स्वीकार केला असता तर लोकांना शंका आली असती. कालिदासाने या जागी दुर्वासाचा शाप आणि अंगठी आणली. राजा आता खोटे बोलत नाही. त्याला खरोखरच आठवत नाही. रोमिला थापर यांनी १९९९ मधील आपल्या शाकुंतलविषयक ग्रंथात या दोन संहितांमधील स्त्रीप्रतिमेचे आणि समाजाचे अंतर विस्ताराने उलगडले आहे. मराठी मनाची शकुंतला प्रामुख्याने कालिदासाचीच आहे, कारण १८८० साली किर्लोस्करांनी ती संगीत रंगभूमीवर आणली. निर्दोष विसराची कथा आपण गाण्यांसह ऐकत आलो. उघड नकाराची कथा पोथीत राहिली.

शापाचे नैतिक कार्य कोणते? तो दोष नाहीसा करीत नाही, दूर नेऊन ठेवतो. सातव्या अंकात शापाची हकीकत कळते तेव्हा राजाला पहिल्यांदा जाणवते ती लोकापवादातून सुटल्याची भावना. शकुंतला रेल्वेच्या कथनातही असा एक दुर्वास सतत उपस्थित आहे. कधी त्याचे नाव काळ असते, कधी प्रगती. सर्वाधिक लोकप्रिय नाव म्हणजे 'ब्रिटिश कंपनी'. आजही हा मार्ग इंग्रजांच्या मालकीचा आहे, आजही विलायतेला पैसा जातो, ही गोष्ट वृत्तपत्रांनी इतक्या वेळा छापली आहे की तिला दंतकथेचे स्थैर्य लाभले. किलिक निक्सन ही पेढी स्वातंत्र्यानंतर भारतीय उद्योजकांच्या हाती गेली होती, ही बाब त्या दंतकथेच्या सोयीची नाही. दूरचा, परका, कोपिष्ट मालक एकदा उभा केला की करार करणारे, रूळ दुरुस्त न करणारे आणि घोषणा करणारे, सारेच शापग्रस्त ठरतात. शापग्रस्ताला कुणी जाब विचारत नाही.

पण कालिदास आपल्या राजाला इतक्या सहज सोडत नाही. पाचव्या अंकाच्या आरंभी हंसपदिकेचे गाणे ऐकू येते. राजाने एकदा प्रेम करून विसरलेली ती स्त्री आहे. म्हणजे विसरण्याची सवय शापाच्या आधीची आहे. रवींद्रनाथांनी शाकुंतलावरील आपल्या निबंधात या गाण्याचे महत्त्व ओळखले आणि शापाने जे घडविले त्याचे बीज राजाच्या स्वभावात होते असे सूचित केले. याच्याही पुढे जाता येईल. गाणे ऐकून राजा व्याकूळ होतो. कुणाचा विरह नसताना ही हुरहूर कशाची, असे त्याला वाटते आणि जन्मांतरीच्या सौहृदांची आठवण मनाच्या तळाशी जागी होत असावी असा तर्क तो करतो. हा उद्गार संस्कृत रसिकतेने डोक्यावर घेतला आहे. परंतु नाट्यरचनेत त्याचे स्थान कोठे आहे? हुरहुरीने डोळे भरून आलेल्या या राजासमोर थोड्याच वेळात खरी शकुंतला येऊन उभी राहते आणि तो तिला ओळखत नाही. स्मृतीचे सुख आणि स्मृतीची जबाबदारी यांत किती अंतर असू शकते हे दाखविण्यासाठी याहून प्रभावी योजना क्वचितच सापडेल.

परित्यक्त स्थानकाला भेट देणाऱ्याची हुरहूर या जातीची आहे. ती खोटी नसते. तिला विशिष्ट माणूस नसतो, एवढाच तिचा दोष. तिच्यातून छायाचित्रे निघतात, ललित लेख निघतात, वारसा जपण्याची भाषा निघते. सहाव्या अंकातील राजाही शकुंतलेचे चित्र काढतो आणि त्यात इतका रमतो की चित्रातल्या भुंग्याला दटावू लागतो. हे चित्र आहे, याची आठवण विदूषकाला करून द्यावी लागते. चित्र उत्तम वठले आहे, हीच तेथे अडचण आहे.

आता पुराव्याचा प्रश्न. राजसभेत शकुंतलेची अंगठी हरवलेली असते. तेव्हा ती आठवण सांगते: नवमालिकेच्या मांडवात दीर्घापांग नावाचे हरिणाचे पाडस राजाच्या हातून पाणी प्यायले नाही, तिच्या हातून प्यायले, आणि त्यावर राजाने थट्टा केली होती. इतका नेमका तपशील कल्पनेने रचता येत नाही. राजा त्याला स्त्रियांचे स्वाभाविक चातुर्य म्हणतो. मुद्रा असेल तर ओळख, नाही तर कथा कितीही खरी असो, ती कथाच. रेल्वेमार्ग चालवावा की नाही याचा निर्णय ज्या सभेत होतो तेथेही एकच मुद्रा चालते, आणि ती उत्पन्नाची. अमुक गावच्या बाईला बाजारहाट करून संध्याकाळी परत येता येत होते, अमुक मुलाचे कॉलेज या गाडीमुळे सुटले नाही, ही दीर्घापांगाची गोष्ट आहे. तिची नोंद हिशेबाच्या कोणत्याही रकान्यात होत नाही. मार्ग ढिला ठेवावयाचा, त्यामुळे वेग उतरतो, वेग उतरला की प्रवासी घटतात, आणि प्रवासी घटल्याचा आकडा मग मार्ग बंद करण्याचे कारण म्हणून पुढे येतो. अंगठी ज्या घाटावर गळून पडली तेथे तिला कोणी पाठविले, हे सभेत विचारले जात नाही.

अंगठी सापडते ती एका धीवराला. शक्रावतारचा हा कोळी रोहित मासा कापताना ती पाहतो, विकायला नेतो आणि चोर म्हणून बांधला जातो. नगररक्षक त्याच्या धंद्याची टवाळी करतात. राजाने अंगठी ओळखून तिच्या मोलाइतके बक्षीस दिल्यावर त्यातले अर्धे तो रक्षकांनाच देऊन टाकतो आणि सर्वजण मद्याच्या दुकानाकडे जातात. या प्रवेशकाकडे विनोदी विश्रांती म्हणून पाहण्याची प्रथा आहे. वस्तुतः परित्यक्त गोष्टीशी खरा हात लागलेला हा एकच माणूस या नाटकात आहे. ओसाड रेल्वेच्या जागेत गोवऱ्या थापणारी, शेळ्या बांधणारी, झोपडी उभारणारी माणसे अशीच प्रथम 'अतिक्रमण' या शब्दाने ओळखली जातात. त्यांच्या वापराला सौंदर्य नाही, म्हणून पाहुण्याच्या चौकटीत ती बसत नाहीत. परवानगी नाही, म्हणून कागदावर बसत नाहीत. पण ज्या ठिकाणी इतरांचा विसर चालू आहे तेथे वस्तूशी रोजचा व्यवहार त्यांनीच राखलेला असतो. त्यांना आदर्श ठरविण्याची गरज नाही. रूळ आणि लाकूड चोरीस जाते तेही कुणाच्या तरी हातूनच. पाहणाऱ्याची निरपेक्ष नजर त्यांच्यापेक्षा वरच्या नैतिक पायरीवर आहे हे मात्र गृहीत धरता येणार नाही.

प्रत्येक बंद झालेला मार्ग हा अन्याय असतो असे यावरून म्हणावयाचे नाही. अकोल्याच्याच उत्तरेला याच्या उलट उदाहरण आहे. अकोट ओलांडून मेळघाटातून खंडव्याकडे जाणाऱ्या मीटरगेज मार्गावरील वाहतूक २०१७ च्या आरंभी थांबली. धूळघाटाजवळ हा मार्ग चढण साधण्यासाठी वळसा घेऊन स्वतःलाच ओलांडतो; त्या वळशाचे कौतुक प्रवाशांच्या पिढ्यांनी केले. ब्रॉडगेज मार्ग व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातून नेऊ नये, तो जंगलाबाहेरून वळवावा, असा आग्रह वन्यजीव अभ्यासकांनी धरला आणि २०२१ मध्ये राज्य शासनानेही तीच भूमिका मांडली. येथे नकार आहे, पण तो उघड आहे. त्याला कारण आहे, कर्ता आहे, त्याच्याशी वाद घालता येतो, आणि ज्यांचे नुकसान होणार त्या आदिवासी पाड्यांना काय देणार असे विचारताही येते. महाभारतातील शकुंतलेला निदान हे मिळाले: समोर उभा असलेला, खोटे बोलणारा, ज्याला सत्याविषयी चार शब्द सुनावता येतील असा राजा. कालिदासाच्या शकुंतलेचा क्रोध विसराच्या भिंतीवर आदळून परत येतो. तिला नाकारणाऱ्याला आपण नाकारत आहोत हेच ठाऊक नाही. अचलपूर, दर्यापूर, मूर्तिजापूर या भागांतील नागरिकांनी गाडी पुन्हा सुरू व्हावी म्हणून आंदोलने केली तेव्हा त्यांना मिळालेली आश्वासने या दुसऱ्या प्रकारची होती. 'नाही' असे कुणी म्हटले नाही.

मूर्तिजापूरला आजही मुंबई-हावडा मार्गावरच्या गाड्या थांबतात. स्थानकाच्या नावात 'जंक्शन' हे पद या दोन अरुंद शाखांमुळे आले होते. शाखांवर गाडी नाही; पद अद्याप कुणी खोडलेले नाही.